पुलाखालचे वाटसरू

तुम्ही कामठीला राहता असे समजा. रविवारचा दिवस आहे. घरातील सगळी मंडळी सकाळीच पेंचच्या जंगलाकडे निघाली आहेत. चाचा गाडी चालवत आहेत. अब्बा त्यांच्या शेजारी बसले आहेत. मागच्या बाजूला अम्मी, नानी आणि तुम्ही भावंडे दाटीवाटीने बसला आहात. डब्यात पराठे आहेत, पिशवीत संत्री आहेत आणि तुमच्या मनात एकच प्रश्न आहे : वाघ दिसेल का?

कन्हान नदीचा पूल मागे पडतो. मनसर येते. तिथे उजव्या हाताला रामटेकचा रस्ता फुटतो. आपला रस्ता मात्र सरळ उत्तरेकडे, देवलापार आणि खवाश्याच्या दिशेने जातो. मनसरच्या पुढे हळूहळू शेते कमी होतात आणि सागाची झाडे दिसू लागतात. आता जंगल आले, असे तुम्ही म्हणता न म्हणता तोच गाडी थांबते. पुढे एक ट्रक उभा आहे. त्याच्या पुढे बस आहे. बसच्या पुढे काय आहे ते दिसत नाही. मागेही गाड्या येऊन थांबतात. भोंगे वाजू लागतात. "मोठा अपघात झाला असेल," अब्बा म्हणतात. "झाड पडले असेल," अम्मी म्हणते. पाच मिनिटे जातात, दहा जातात, पंचवीस मिनिटे जातात.

अखेर रांग हलते. गाडी पुढे जाते आणि तुम्ही सगळे खिडकीतून डोकावून पाहता. ना अपघात, ना पडलेले झाड! रस्त्याच्या कडेला दहा-बारा वानरे बसली आहेत. एक मोटार अर्धी रस्त्यावरच उभी करून तिच्यातील मंडळी वानरांना बिस्किटे देत आहेत.

एका बिस्किटाच्या पुड्यामुळे एवढा मोठा रस्ता कसा अडतो?

शाळेत प्रार्थना संपल्यावर वर्गाकडे जाणारी रांग आठवा. पुढच्या मुलाने बुटाची नाडी बांधायला क्षणभर पाऊल थांबवले, की त्याच्या मागचा मुलगा एकदम थांबतो. त्याच्या मागच्याला थोडे उशिरा कळते, म्हणून तो धडकू नये यासाठी आणखी जोरात थांबतो. पहिल्या मुलाची नाडी बांधून होते आणि तो चालूही लागतो. पण रांगेच्या शेवटी असलेली मुले मात्र तेव्हा कुठे थांबलेली असतात. म्हणजे मुले पुढे जातात आणि 'थांबणे' मागे मागे सरकत जाते. रस्त्यावर नेमके हेच घडते. पुढच्या गाडीने वेग थोडा कमी केला, की मागची तिच्याहून जास्त कमी करते, आणि असे होत होत एखादी गाडी पूर्णच थांबते.

जपानमधील काही संशोधकांनी हे करून पाहिले. त्यांचा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २३० मीटर घेराचा एक गोल रस्ता आखला, त्यावर २२ मोटारी ठेवल्या आणि चालकांना सांगितले, की सगळ्यांनी ताशी ३० किलोमीटर या एकाच वेगाने चालवत राहा. रस्त्यावर सिग्नल नव्हता, खड्डा नव्हता, वळणारी गाडी नव्हती. सुरुवातीला सगळे छान चालले. मग थोड्याच वेळात, कुणाचीही चूक नसताना, काही गाड्या थांबू लागल्या आणि थांबण्याची एक लाट त्या वर्तुळात उलट्या दिशेने फिरू लागली. जिथे काहीच अडथळा नव्हता तिथे ही स्थिती, तर जिथे अर्धा रस्ता अडवून एक मोटार उभी आहे तिथे काय होणार? तुम्ही पंचवीस मिनिटे थांबलात त्यात नवल नाही.

पण हा झाला माणसांचा खोळंबा. याच रस्त्यावर आणखी कुणाचा तरी खोळंबा होत असतो. त्यांना भोंगा वाजवता येत नाही.

ते कोण? पेंचच्या जंगलात राहणारी जनावरे. यांतील काहींची नावे मराठीत वेगळी आहेत, म्हणून ती आधी समजून घेऊ. अंगावर पांढरे ठिपके असलेल्या हरणाला मराठीत 'चितळ' म्हणतात. हा शब्द तुम्हाला जवळचाच वाटेल. त्याहून मोठे, गडद तपकिरी रंगाचे 'सांबर'. नीलगायीला विदर्भातील शेतकरी 'रोही' म्हणतात. उर्दूत ज्याला आपण तेंदुआ म्हणतो तो 'बिबट्या', रीछ म्हणजे 'अस्वल' आणि लंगूर म्हणजे काळ्या तोंडाचे 'वानर'. रानगवा हा गुरांसारखा दिसणारा, पण त्यांच्याहून कितीतरी मोठा आणि भारदस्त प्राणी. रानडुकरे आहेत, टोळीने शिकार करणारे रानकुत्रे आहेत आणि अर्थातच वाघ आहे. 'जनावर', 'शिकार' आणि 'रस्ता' हे शब्द तर मराठीने आणि उर्दूने दोघींनी फारसीतूनच घेतले आहेत. त्यामुळे या पाठातील तीन महत्त्वाचे शब्द तुम्हाला शिकावे लागणार नाहीत!

पेंच हे नदीचे नाव आहे. ही नदी सातपुड्याच्या डोंगराळ भागातून वाहत येते आणि पुढे कन्हान नदीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना असलेले जंगल महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत पसरले आहे. महाराष्ट्रातील भागाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ही हद्द आपण नकाशावर आखली. वाघाला काही ती ठाऊक नाही. पेंचचे जंगल नकाशावरच्या रेषेपाशी संपत नाही. तुटक तुटक का होईना, ते ईशान्येला मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलापर्यंत आणि पूर्वेला नागझिऱ्याच्या दिशेने पसरत गेले आहे. अशा झाडीच्या पट्ट्याला 'संचारमार्ग' म्हणतात. घरातील एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला जसा बोळ असतो, तसा हा दोन जंगलांमधला बोळ होय. आणि आपला महामार्ग या बोळाला आडवा छेदून जातो.

जनावरांना हा बोळ कशासाठी हवा? वाघाचे पिल्लू साधारण दोन वर्षांचे झाले, की आईला सोडून स्वतःची जागा शोधायला निघते. बापाच्या जागेत मुलाला राहता येत नाही. टिपेश्वर हे यवतमाळ जिल्ह्यातील एक छोटे अभयारण्य आहे. तिथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात वनखात्याने आणि संशोधकांनी रेडिओचा पट्टा बांधला होता. तो वाघ जून २०१९ मध्ये टिपेश्वर सोडून निघाला. शेते, ओढे, गावांच्या कडा आणि महामार्ग ओलांडत, मध्येच तेलंगणात शिरून परत येत, तो पाच महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तो बहुतेक रात्रीच चालत असे. वाटेतील अनेक गावांना आपल्या शिवारातून वाघ गेला हे कळलेसुद्धा नाही.

सगळ्यांचे नशीब असे नसते. 'बाजीराव' नावाने प्रसिद्ध असलेला एक देखणा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर–अमरावती महामार्गावर, बाजारगावजवळ, रात्रीच्या वेळी वाहनाच्या धडकेने मेला. ज्याच्या समोर सांबर उभे राहत नव्हते, त्याला एका क्षणात रस्त्याने संपवले.

वाघ मेला की वर्तमानपत्रात बातमी येते. ससा, मुंगूस, साप, रानमांजर मेले की येत नाही. सकाळी महामार्गावरून जाताना डांबराला चिकटलेला केसांचा एखादा डाग तुम्ही पाहिला असेल. तो कुणाचा होता, हे कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, की एवढे मोठे जंगल असताना जनावरे रस्त्यावर येतातच कशाला? यातील खरी गोष्ट साधी आहे. ती रस्त्यावर येत नाहीत, ती रस्त्याच्या पलीकडे जात असतात. इकडे चारा आहे आणि तिकडे पाणी आहे, एवढे कारण पुरते. पेंचच्या जंगलात उन्हाळ्यात ओढे आटतात. मग जिथे पाणी शिल्लक असेल तिथे सगळ्यांना जावेच लागते. याशिवाय रस्ताही त्यांना बोलावतो. रस्त्यावर पडलेले पावसाचे पाणी दोन्ही कडांना वाहून जाते, आणि कडेची झाडे तोडलेली असल्यामुळे तिथे ऊनही भरपूर मिळते. म्हणून आतले रान सुकले तरी रस्त्याच्या कडेला थोडे हिरवे गवत टिकून राहते. चितळाला ते दुरून दिसते. दिवसभर तापलेले डांबर रात्री बराच वेळ उबदार राहते. थंडीच्या दिवसांत साप त्यावर अंग शेकायला येऊन पडतात. ट्रकमधून धान्य सांडते, ते टिपायला पक्षी आणि उंदीर येतात. त्यांच्या मागे रानमांजर येते, घुबड येते. आणि आपण फेकलेले पराठ्याचे तुकडे? त्यांच्यासाठी वानरे येतात, रानडुकरे येतात.

दिवसा निदान दोघांना एकमेकांची चाहूल लागते. रात्रीचे तसे नसते. चितळ, रोही, वाघ अशा अनेक प्राण्यांच्या डोळ्यांच्या आत, पडद्यामागे, आरशासारखा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला थोडासा उजेड या थरावरून परत फिरतो, त्यामुळे त्यांना अंधुक चांदण्यातही दिसते. अंधारात त्यांचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. पण जे डोळे चांदण्यासाठी बनले आहेत त्यांच्यावर मोटारीच्या दिव्यांचा झोत एकदम पडला तर काय होईल? तुम्ही अंधाऱ्या खोलीतून एकदम दुपारच्या उन्हात आलात की तुमचे डोळे दिपतात, तसेच त्याचे होते. फक्त कितीतरी पटींनी अधिक. जनावराला काही दिसेनासे होते आणि ते जागच्या जागी थिजते. मोटारवाल्याला वाटते, 'हे मूर्ख जनावर बाजूला का होत नाही?' त्याला बाजू दिसतच नसते.

आता थोडे गणित करू. कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चालकाला समोर काही दिसले, की पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २२ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर मोटार थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण झाले ५७ मीटर. रात्री जवळचा दिवा लावलेला असेल तर साधारण ५० मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. म्हणजे रोही दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो! वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर हाच हिशेब ३७ मीटरवर येतो आणि रोहीही वाचतो, मोटारीतील माणसेही वाचतात. माणसे हा शब्द मी मुद्दाम लिहिला. पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोच्या आसपास भरतो. असे जनावर काचेवर येऊन आदळले तर आतली मंडळी सुखरूप राहतीलच असे नाही. मोटारसायकलवाल्याचे तर विचारूच नका. भरलेल्या ट्रकला थांबायला याहूनही जास्त अंतर लागते.

आणि कमी वेगाने गेल्यामुळे आपला किती वेळ जातो? जंगलाचा रस्ता ३० किलोमीटर आहे असे धरा. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो साडेबावीस मिनिटांत संपेल, ताशी ६० च्या वेगाने तीस मिनिटांत. फरक साडेसात मिनिटांचा. बिस्किटे देणाऱ्या मोटारीमुळे आपण याच्या तिपटीहून जास्त वेळ थांबलो होतो.

या रस्त्याची स्वतःचीही एक कहाणी आहे. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणत. तो वाराणसीहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जात असे. पुढे देशभरातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, आणि आपल्या भागातील हा रस्ता श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या क्रमांक ४४ मध्ये आला. देशातील सर्वांत लांब महामार्ग तो हाच. मनसर ते खवासा हा भाग अरुंद होता, खड्ड्यांनी भरलेला होता आणि त्यावर ट्रकांच्या रांगा लागत. रस्ता रुंद करायचे ठरले तेव्हा वाद उभा राहिला. रस्त्याच्या गावांना, दुकानदारांना, दवाखान्यात जाणाऱ्या रोग्यांना चांगला रस्ता हवा होता, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दुसरीकडे वन्यजीवांचे अभ्यासक म्हणत होते, की चार पदरी रस्ता आणि त्यावरून सुसाट धावणारी वाहने म्हणजे जंगलाच्या मधोमध बांधलेली भिंतच होईल. त्यांचेही खोटे नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेले. काम काही काळ अडले.

या वादातून जो मार्ग निघाला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. रस्ता रुंद करायचा, पण जनावरे जिथून नेहमी ओलांडतात तिथे तो जमिनीवरून न्यायचा नाही. तिथे रस्ता खांबांवर उचलायचा आणि खालची जमीन, ओढा, गवत जनावरांसाठी मोकळे सोडायचे. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ मार्ग तयार झाले. त्यांत काही ओढ्यांवरचे पूल आहेत आणि काही खास जनावरांसाठी बांधलेले भुयारी मार्ग आहेत. 'भुयारी' हा शब्द ऐकून अंधारी बोगदा डोळ्यांपुढे आणू नका. यांतील सर्वांत लहान मार्ग ५० मीटर रुंद आहे आणि सर्वांत मोठा तर ७५० मीटर, म्हणजे पाऊण किलोमीटर! तुमच्या शाळेचे मैदान त्याखाली सहज मावेल आणि वर शाळाही मावेल.

एवढी रुंदी कशाला, वाघ काय बैलगाडी घेऊन जाणार आहे, असे कुणी विचारील. पण हरणाच्या बाजूने विचार करा. चितळ हे भित्रे जनावर आहे. पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय ते पाऊल टाकत नाही. अरुंद, अंधाऱ्या जागेत शिरले आणि तिथे बिबट्या दबा धरून बसलेला असला तर पळायला वाव कुठे? म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी मोकळे दिसले पाहिजे, डोक्यावर उंच छत पाहिजे, पायाखाली सिमेंट नव्हे तर माती पाहिजे. रस्ता पुढे मध्य प्रदेशात जातो तिथेही असे मार्ग आहेत, आणि वरच्या वाहनांचा आवाज व दिव्यांचा झोत जंगलात जाऊ नये म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच पत्रे उभे केले आहेत. तिथून जाताना खिडकीतून जंगल दिसत नाही म्हणून प्रवासी कुरकुर करतात. ते पत्रे आपल्यासाठी नाहीतच.

पण जनावरांना हे सांगणार कोण? 'कृपया खालून जा' अशी पाटी वाचता येणारे चितळ अजून जन्मले नाही. म्हणून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी या नऊ मार्गांखाली आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवले. समोरून काही गरम अंगाचे हलले, की असा कॅमेरा स्वतःच फोटो काढतो. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळातील फोटो पाहिले तेव्हा १८ जातींचे वन्य प्राणी या मार्गांवरून ये-जा करताना आढळले. सर्वांत जास्त वेळा दिसले ते चितळ. रानडुकरे होती, रोही होते, रानगवे होते, रानकुत्रे होते. आणि वाघ? वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. ते पट्टे जुळवून पाहिल्यावर कळले, की ११ वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा हा मार्ग वापरला होता. वरून ट्रक धडधडत जात होते आणि खालून वाघ चालला होता. ना ट्रक थांबला, ना वाघ. कुणाचाच खोळंबा झाला नाही!

तुम्ही पेंचला जाता तेव्हा अशा पुलांवरूनच जाता. तुमच्या चाकांखाली त्या क्षणी कोण चालले असेल, सांगता येत नाही.

प्रत्येक ठिकाणी असे पूल बांधता येत नाहीत. त्यांना पैसा लागतो, जागा लागते. कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलातून म्हैसूरकडून केरळात कोझिकोडला जाणारा रस्ता आहे. तिथे वेगळा उपाय केला आहे. २००९ सालापासून तो रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहनांसाठी बंद असतो. म्हणजे दिवस माणसांचा आणि रात्र जनावरांची. केरळातील वायनाडच्या लोकांना यामुळे लांबचा फेरा पडतो, त्यांनी या बंदीविरुद्ध मोर्चेही काढले. त्यांची अडचण खरी आहे. ज्याचा माल अडकतो त्यालाच उशिराची किंमत कळते. मला विचाराल तर पुलाचा उपाय अधिक चांगला, कारण त्यात कुणाला थांबावे लागत नाही. पण पूल होईपर्यंत थांबणे हाच उपाय उरतो.

जंगलाच्या फाटकातून आत गेल्यावर तरी वाहनांची कोंडी संपते का? नाही! आत तर ती कधी कधी अधिक वाईट असते. एका जिप्सीला वाघ दिसला, की तिचा चालक दुसऱ्याला खूण करतो, दुसरा तिसऱ्याला. बघता बघता दहा गाड्या जमतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, नागपूरपासून फार लांब नसलेल्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, एक वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली. पुढेही जिप्सी होत्या, मागेही जिप्सी होत्या. फोटो काढण्याच्या धडपडीत त्यांनी दोन्ही बाजू अडवल्या आणि वाघीण बछड्यांसह मध्ये अडकली. त्या प्रसंगाची छायाचित्रे सगळीकडे पसरली तेव्हा लोकांना राग आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन या घटनेची दखल घेतली. जे चालक आणि मार्गदर्शक त्यात होते त्यांच्यावर कारवाई झाली. पण जरा विचार करा. जिप्सीत मागे बसून 'अजून जवळ घ्या, अजून जवळ घ्या' असे कोण म्हणत असते? चालक हौसेने पुढे जात नाही, प्रवाशांच्या आग्रहामुळे जातो.

आता त्या बिस्किटांकडे वळू. कारण तुमच्या नानींनीही पिशवीतून दोन संत्री काढली होती आणि चाचांना गाडी थांबवायला सांगितले होते. "मुक्या जनावराला खाऊ घालणे सवाबाचे काम आहे," असे त्या म्हणाल्या. नानींची दया खरी आहे. म्हणून त्यांना उलट उत्तर देऊ नका. त्यांच्याजवळ बसून नीट समजावून सांगा. उपाशी, तहानलेल्या जनावराला देणे वेगळे, आणि ज्याचे पोट जंगलातील कोवळ्या पानांवर आणि रानफळांवर उत्तम भरते त्याला रस्त्यावर बोलावणे वेगळे. वानर एकदा बिस्किटाला सोकावले, की ते पाने शोधायला आत जात नाही. ते रोज रस्त्याच्या कडेला येऊन बसते. त्याच्या पोटाला चिकटलेले पिल्लूही तेच शिकते. एका मोटारीतून खाऊ पडतो, म्हणून ते प्रत्येक मोटारीकडे धावते. दहावी मोटार थांबत नाही. ज्या हाताने बिस्कीट दिले त्याला हे कधी दिसत नाही, कारण तो तोपर्यंत घरी पोहोचलेला असतो.

पुड्याच्या कागदाचेही तसेच. मिठाचा, मसाल्याचा वास लागलेली प्लॅस्टिकची पिशवी चितळ चघळते आणि गिळते. ती पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. संत्र्याची साल फेकली तर ती निदान कुजते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण ती खायला जो रस्त्याच्या कडेला येईल त्याचे काय? साली पिशवीतच ठेवा. घरी गेल्यावर टाका.

गाडीसमोर रोही आडवा आला तर चाचांनी काय करावे? वेग हळूहळू कमी करावा. मागच्या वाहनाला कळावे म्हणून धोक्याचे पिवळे दिवे लावावेत. रात्र असेल तर दूरचा झोत बंद करून जवळचा दिवा ठेवावा, म्हणजे जनावराचे दिपलेले डोळे निवळतात आणि त्याला वाट दिसते. भोंगा वाजवत राहू नये. घाबरलेले जनावर कोणत्या दिशेला उडी मारील, ते त्यालाही ठाऊक नसते. एक रोही पलीकडे गेला की लगेच गाडी पुढे काढण्याची घाई नको. रोही, चितळ, रानडुकरे कळपाने चालतात. पहिल्याच्या मागे दुसरा असतो, आणि शेवटी बहुधा एखादे पिल्लू असते. ते आईच्या मागे डोळे मिटून धावत येते. गाडीतून खाली उतरून फोटो काढायला तर कुणीच जाऊ नये. रानगवा शांत दिसतो, पण तो शांत आहे की नाही हे फक्त त्यालाच माहीत असते.

आणि मागे बसलेल्या तुम्हालाही काम आहे. चालकाचे लक्ष रस्त्यावर असते, त्याला दोन्ही बाजूंचे गवत पाहता येत नाही. ते तुम्ही पाहा. एक भाऊ डावीकडे, एक बहीण उजवीकडे. गवतात काही हलले, अंधारात दोन डोळे चमकले, तर "चाचा, हळू!" एवढेच म्हणा. ओरडू नका.

एखादे जनावर रस्त्यावर जखमी होऊन पडलेले दिसले, तर त्याला हात लावायला जाऊ नका. दुखावलेले चितळसुद्धा खुरांनी जबर मार देते. महाराष्ट्राच्या वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक अशाच वेळेसाठी आहे. रस्त्यावर अपघात झाला असेल किंवा रस्ता अडला असेल तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आहे. पण फोनवर "जंगलात एक रोही पडला आहे" एवढेच सांगितले तर वनरक्षकाने तो तीस किलोमीटरच्या रस्त्यावर कुठे शोधायचा? म्हणून कडेच्या दगडांकडे पाहा. राष्ट्रीय महामार्गावर दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा एक दगड असतो, आणि त्या दोन मोठ्या दगडांच्या मध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात. मोठ्या दगडावर गावाचे नाव आणि अंतर लिहिलेले असते. तो आकडा वाचा, त्याच्यापुढे किती छोटे दगड गेले ते मोजा आणि गाडी खवाश्याकडे चालली होती की नागपूरकडे तेही सांगा. तेवढ्यावरून वनरक्षक अंधारातही नेमक्या जागी पोहोचू शकतो.